विश्रांतीवाटप उपसमिती

कोलकात्यातल्या आमच्या मराठी मंडळाने सुरू केलेल्या मोफत समग्र आरोग्य केंद्राला पहिले तीन महिने एकही रुग्ण मिळाला नाही, हे सचिव या नात्याने मी मान्य करतो. केंद्रात कशाचीही कमतरता नव्हती. शरीर, मन, आहार आणि श्वास अशी चार टेबलं होती, चारींवर इस्त्रीचे टेबलक्लॉथ होते. नियम एकच होता. ज्याचा आरोग्य विमा नाही, त्यालाच उपचार. आणि आमच्या मंडळात विमा नसलेला माणूस औषधालाही सापडेना. कोणी बँकेत बदलून आलेलं, कोणी केंद्र सरकारच्या खात्यात, कोणी आयटी कंपनीत. दर रविवारी आम्ही एकमेकांचं ब्लडप्रेशर मोजायचो आणि घरी जायचो.

शेवटी अध्यक्ष वासंतीताईंनाच सुचलं. "विमा नसलेली माणसं शोधायला सियालदह स्टेशनपर्यंत कशाला जायचं? आपल्याकडे रोज येतात की."

कार्यकारिणीचे आम्ही सातही जण एकाच सोसायटीत राहतो आणि सातही घरांची धुणीभांडी झर्णादी करते. ती रोज दूरच्या कॅनिंगहून लोकलने येते. अठरा वर्षं मराठी घरांत काढल्यामुळे ती आमच्या मुलांपेक्षा बरं मराठी बोलते. दोन महिन्यांपासून तिचं उजवं मनगट सुजलं होतं, अंगठा वळत नव्हता, पातेली हातातून निसटत होती. हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं होतं आणि पातेली जपून धरण्याबद्दल तिला प्रेमाने समजावलंही होतं.

नियमानुसार विमा नसल्याचा पुरावा लागणार होता. "सदर महिलेस आमच्याकडून विमा, आजारपणाची रजा अथवा तत्सम कोणतेही संरक्षण आजतागायत देण्यात आलेले नाही," असं सातही घरांनी सहीनिशी लिहून दिलं. इतक्या तत्परतेने आमच्या सभासदांनी आजवर कुठल्याही कागदावर सही केलेली नाही.

रविवारी दुपारी झर्णादी एरवी लवकर घरी जाते. तिच्या सोयीसाठी आम्ही तिला त्याच वेळी बोलावलं.

आहाराच्या टेबलावर माझी पत्नी मीनाक्षी बसते. तिने सूर्यास्तापूर्वी जेवायचा सल्ला दिला.

"कुणाकडे?" झर्णादीने विचारलं.

मनाच्या टेबलावर सलील होता. तो कंपनीत लोकांना तणावमुक्तीचे धडे देतो. त्याने डोळे मिटून विचारलं, "शेवटचा निवांतपणा कधी अनुभवलात?"

"परवा. गाडी वाटेत दोन तास बंद पडली होती."

श्वासाच्या टेबलावर तिला खोल श्वास घ्यायला शिकवण्यात आलं. शेवटी ती शरीराच्या टेबलावर पोचली. तिथे डॉक्टर सायली होती. ती नुकतीच शिकून बाहेर पडलेली, मंडळातली एकमेव खरी डॉक्टर. तिने मनगट दाबून पाहिलं, अंगठा वळवला आणि अर्ध्या मिनिटात सांगितलं, "भांडी घासून आणि कपडे पिळून झालंय हे. पट्टा देते. दहा दिवस हाताला पूर्ण विश्रांती. नाहीतर ऑपरेशनशिवाय गत्यंतर नाही."

उरलेल्या तीन टेबलांवर बोटांवर हिशेब सुरू झाला. मीही मनातल्या मनात आमच्या घरची भांडी मोजली.

त्याच संध्याकाळी तातडीची बैठक झाली. वासंतीताई म्हणाल्या, "सायली हुशार आहे, पण ती फक्त हात बघते. समग्र उपचारांत परिस्थितीही बघावी लागते."

"झर्णादीची?" मी विचारलं.

"आमच्याकडे गुरुवारी सोळा माणसं जेवायला आहेत."

विश्रांती द्यायलाच हवी, यावर एकमत होतं. ती इतर सहा घरांनी द्यावी, यावरही सातही जणांचं एकमत होतं. कोंडी फुटेना, तेव्हा विश्रांतीवाटप उपसमिती नेमण्यात आली. सलीलने लॅपटॉप उघडून दहा दिवसांची विश्रांती सात घरांत समान विभागली, ती दोन महिन्यांवर पसरली, नंतर व्यवहार्य केली. रोज, प्रत्येक घरी, बारा मिनिटं.

भांडी वाळून कडक होऊ नयेत म्हणून विश्रांती भांड्यांनंतर घ्यायची ठरली. तिच्यासाठी प्रत्येक घरात स्टूल ठेवण्यात आलं. विश्रांतीची सुरुवात आणि शेवट अशा नोंदवहीत दोन सह्या, म्हणजे दिवसाला चौदा. झर्णादीला अक्षर काढायला वेळ लागे, त्यातही अंगठा वळेना. पण पारदर्शकता महत्त्वाची. वासंतीताई तिला मोबाइलवर समुद्राच्या लाटा ऐकवत. रिकामं बसून मनावर ताण येतो असं मीनाक्षीला वाटे, म्हणून आमच्याकडे ती विश्रांतीत मटार सोलायची.

या सगळ्यात रोज चौऱ्याऐंशी मिनिटं जाऊ लागली आणि झर्णादीची नेहमीची गाडी चुकू लागली. आठवड्याने मनगट आणखी सुजलं. उपसमितीने निष्कर्ष काढला की मात्रा कमी पडते आहे. विश्रांती पंधरा मिनिटांवर नेण्यात आली.

दुसऱ्या सोमवारी झर्णादी आलीच नाही. वासंतीताईंनी आमच्यासमोर स्पीकरवर फोन लावला.

"अगं, कुठे आहेस तू?"

"घरी, बौदी." वहिनींना ती अजूनही बंगालीत बौदीच म्हणते. "डॉक्टरदीदीने सांगितलं होतं ना, दहा दिवस. तेच करते आहे."

"पण आम्ही देत होतो की विश्रांती!"

"हो. ती घेऊन फार दमले." मग म्हणाली, "बौदी, उजवा हात मला एकच आहे. तो गेला तर माझ्याकडे कोण पातेलं देणार?"

खरं सांगायचं तर मला लाज वाटली. ती बुधवारपर्यंत टिकली. बुधवारी कुकर घासताना माझ्या मनगटातून कळ आली.

रविवारी केंद्रापुढे रांग होती. कार्यकारिणीचे सातही जण मनगट धरून उभे होते. नियमाची अडचण सलीलने सोडवली. आपला विमा दाखल झाल्याशिवाय लागू होत नाही, आणि मनगटासाठी कोणी दाखल करून घेत नाही, म्हणजे मनगटापुरते आपण विमा नसलेलेच. ठराव टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. उपचारांवरची चर्चा चार मिनिटांत संपली. सातही रुग्णांना संपूर्ण, अखंड, ताबडतोब विश्रांती. बारा मिनिटांचा विषय कोणी काढला नाही. सायली हसून टेबल आवरू लागली.

अकराव्या दिवशी झर्णादी आली. सूज उतरली होती, अंगठा वळत होता. ती जिन्यापाशी थांबून म्हणाली, "हात बरा झाला. आता चारच घरं करणार. कुठली, ते शनिवारी सांगते."

तेव्हापासून आमच्या सोसायटीत विलक्षण आरोग्यदायी वातावरण आहे. वासंतीताईंनी बसून भांडी घासता येतील असा ओटा करून घेतला. सलीलने रजेचा लेखी करार तयार केला आणि तिच्या नावाने विम्याचा अर्जही भरला. मीनाक्षी मटार स्वतः सोलते आणि झर्णादीला दिसतील असे सोलते. केंद्राच्या अहवालात मी 'पूर्ण बरे झालेले रुग्ण : एक' असं अभिमानाने लिहिलं आहे. उपचार कोणी केले, हा रकाना तूर्त रिकामा ठेवला आहे.

वाचकहो, तुम्ही हे निवांत बसून वाचता आहात, म्हणजे तुमच्या घरची भांडी या क्षणी दुसरं कोणीतरी घासत असणार. आमची फजिती वाचून हसू आलं असेल, तर त्यांनाही बोलवा आणि वाचून दाखवा. अर्थात, त्यांची भांडी उरकल्यावर.