पहिल्या वर्गाच्या डब्याचे छप्पर फुटले, त्याची हकीकत

व्याहीबोवांनी जेवता जेवता, घास हाती तैसाच धरोन, सवाल केला की पहिल्या वर्गाच्या डब्यास छप्पर का नाही? त्यास टेबलावर जबाब मिळाला तो अर्धाच मिळाला. सबब साद्यंत वर्तमान, घडले तैसे, पदरचे तिखटमीठ न लावता येथे लिहितो. मर्जीस येईल तर वाचावे, न येईल तर भात वाढोन घ्यावा.

नकाशेवाले म्हणजे पाणीपुरवठा खात्यात चौतीस वर्षे नळांचे नकाशे आखोन निवृत्त जाहले ते गृहस्थ. स्वभाव बहुत नेमाचा. कागदावर एकदा क्रमांक पडला की ब्रह्मदेव आला तरी बदलणे नाही. त्यांनी एका जुन्या ग्रंथात विलायतेच्या अगदी आरंभीच्या आगगाडीची चित्रे पाहिली. पहिल्या वर्गाचा डबा म्हणजे तीन घोडागाड्या एका चौकटीवर जोडोन ठेविल्या ऐसा, आत गाद्या, छपरावर पेट्यांचा सरंजाम. आणि तिसरा वर्ग म्हणजे नुसता उघडा खोका, न छप्पर न बाक, रयतेने उभ्याने जावे, आणि पावसाचे पाणी वाहोन जावे म्हणोन तळास भोके. हे पाहोन नकाशेवाल्यांचे चित्त वेधले आणि मग ती गाडी शहात्तराव्या हिश्श्याने घडविण्याची मसलत मुक्रर जाहली.

मोहिमेचा मुक्काम जेवणाच्या टेबलावर पडला. प्रथम एक कोपरा घेतला, आणि मग रुळांचा वेढा घालोन चारी कोपरे काबीज केले, आणि चिमटे, पाती, सरसाच्या बाटल्या, रंगाच्या डब्या ऐसी शिबंदी जागोजाग बसविली. तीन महिने तो मुलूख सुटला नाही. नकाशेवाले खुर्चीत बसोन मांडीवर ताट घेत. घरधनीण सरकार स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्या राहोन जेवीत. याची दखल कोणत्याही कागदावर नव्हती.

पुढे व्याही-विहीण रविवारी दुपारी जेवावयास येणार ऐसी खबर आली, तेव्हा सरकारांचा निर्वाणीचा हुकूम सुटला की टेबल खाली करावे, सारा पसारा माळ्यावर रवाना करावा. नकाशेवाल्यांनी फार आर्जव केले. अखेर तह ठरला तो येणेप्रमाणे की रविवारी बारापूर्वी गाडी माणसांसकट एक फेरा न पडता फिरली, तर अर्धे टेबल त्यांजकडे कायम. न फिरली, तर माळा.

शनिवारी संध्याकाळी छप्पर चढले. अकरा दिवसांचे काम! रंगाचे तीन हात, पितळी तारेचा कठडा, आणि वर नखाएवढ्या सात पेट्या. सरस पक्का बसला आणि नकाशेवाल्यांनी हर्षे कामांच्या यादीच्या पहिल्या कागदावर शेवटच्या कलमापुढे बरोबरची खूण केली. मग दुसरा कागद उलगडिला. त्याचे पहिले कलम होते, 'प्रवासी बसविणे'.

ऐसा घात शत्रूदेखील करीत नाही. डोके छपरास लागते की काय हे अजमावण्यास एक टोपीवाला गृहस्थ आधीच आत बसविला होता, तो आत कोंडला गेला. बाकीचे टेबलावरील बशीत राहिले.

रविवारी दहा वाजता सरकार फडके घेऊन आल्या आणि त्यांची नजर बशीवर गेली. त्यांनी एक बाई चिमटीत उचलिली.

"अहो, ही माझी हिरवी शाल ना?"

"हो. म्हणजे, तूच आहेस ती."

"आणि आत कोण बसलंय?"

"मी."

"एकटेच?"

नकाशेवाले चिमट्याचे टोक पुसू लागले.

"वा! पस्तीस वर्षं झाली, अजून तुम्ही आत आणि मी बशीत," ऐसे बोलोन सरकारांनी बाई होती तेथे ठेविली आणि आत निघोन गेल्या. पुढे स्वयंपाकघरातून भांड्याचा आवाजदेखील आला नाही. तोफा परवडल्या.

नकाशेवाल्यांच्या मनातील मुत्सद्दी मात्र जागा होता. त्याने सल्ला दिला की तिसऱ्या वर्गाचा उघडा डबा तयार आहे, बाई त्यात उभी करावी, तहाचे कलम पुरे होते, छप्पर वाचते. नकाशेवाल्यांनी चिमटा उचलिला आणि बशीतील बाकीच्यांमागोमाग बाई त्या खोक्यात ठेविली. तो सहज नजर ओट्याकडे गेली. सरकार तेथेच उभ्या होत्या, एका हातात ताटली, कोपर भिंतीस टेकविलेले, सकाळची पोळी चहाशी खात होत्या. तीन महिने ऐशाच. नकाशेवाल्यांस आपली लाज वाटली, आणि ती फार वाटली.

मग पाते उचलोन त्यांनी छपराच्या सांध्यात घातले. सरस उत्तम प्रतीचा, हटेना. दुसऱ्यांदा जोर केला तो कडाड करोन छपराचे तीन तुकडे जाहले, कठडा वाकला, सात पेट्या टेबलाखाली दाही दिशा पळाल्या. त्या शोधिल्या नाहीत. बाई खोक्यातून काढोन टोपीवाल्याशेजारी गादीवर बसविली आणि सरस धरेतो बोटाने दाबोन ठेविली.

बाराला पाच कमी असता गाडी सुटली. पाण्याच्या तांब्याजवळील वळणावर पहिला डबा डुगडुगला, पण पडला नाही. फेरा पुरा जाहला. सरकार दारात उभ्या राहोन पाहात होत्या. तुटके छप्परही त्यांनी पाहिले, आणि अर्धे टेबल पुसोन त्यावर चार ताटे मांडिली. चौघे हातांची कोपरे आवरोन जेवले.

तेव्हाच व्याहीबोवांनी उपरोक्त सवाल केला. सरकारांनी जबाब दिला, "उकडतं हो आत," आणि आमटी वाढली.

पाहुणे गेल्यावर नकाशेवाल्यांनी टेबलाखाली शिरोन चार पेट्या हुडकिल्या आणि नवे छप्पर करावयाची परवानगी मागितली. सरकार खुर्चीत बसोन चहा घेत होत्या.

"खबरदार," त्या म्हणाल्या. "झाकलंत तर दिसणार कशी मी?"

येणेप्रमाणे फत्ते जाहली. अर्धे टेबल गाडीकडे, अर्धे ताटांकडे, ताटे दोन. पहिल्या कागदावरील छपराचे कलम नकाशेवाल्यांनी स्वहस्ते खोडिले. नोकरीची चौतीस वर्षे धरोन खोडिले ऐसे हे एकच कलम.