फोल्डरवरचा विश्वास

"ताई, काहीच बसवायची गरज नाहीये. काळी खिडकी उघडा, पायथन लिहा, पुढे फाइलचं नाव, एंटर. चलो, झालं!" लतिका जाता जाता म्हणाली होती.

तयारी हे कामाचं सर्वोच्च रूप आहे. काम बिघडू शकतं, तयारी बिघडत नाही. मी रोज सकाळी देवापुढे वाती वळते, म्हणून हे थोड्या अधिकाराने सांगते.

दिल्लीतलं आमचं कार्यालय निवृत्तांना दवाखान्याची कार्डं देतं. त्यासाठी पेन्शनची यादी आणि दवाखान्याची यादी जुळावी लागते. पूर्वी हे हाताने व्हायचं, म्हणजे व्हायचं. आता ते पायथन भाषेतल्या प्रोग्रामने होणार आहे. तो लतिका या कंत्राटी मुलीने लिहून ठेवला आणि करार संपला तशी ती गेली. (सेटअप चालू असताना प्रोग्राम लिहून मोकळं होणं, हा उतावळेपणा समजला गेला.)

आदेश असा : प्रत्येकाने आपल्या एडिटरमध्ये, म्हणजे प्रोग्राम लिहाय-वाचायच्या सॉफ्टवेअरमध्ये, पायथनचं एक्स्टेंशन हे जोडसाधन बसवावं, सर्वांचं बसेपर्यंत कोणताही प्रोग्राम चालवू नये. एक्स्टेंशनमुळे अक्षरं रंगीत दिसतात आणि चूक झाली की खाली लाल रेघ येते. प्रगती उत्तम आहे. बहुतेकांनी ते बसवलं, दोघांनी दोनदा बसवलं, आणि हणमंतराव पानिपतला बदलून गेले तरी त्यांची बसवल्याची टक्केवारी इथे वाढतेच आहे. अक्षरांमागची पार्श्वभूमी काळी असावी की पांढरी, यावर उपसमिती नेमली आहे.

मग एडिटरने लतिकाचा फोल्डर उघडताना विचारलं : या फोल्डरच्या लेखकांवर तुमचा विश्वास आहे का?

असा प्रश्न आमच्या कार्यालयात आजवर कुणी कुणाला विचारला नव्हता. गुणवंतसाहेबांनी चष्मा पुसला.

"चंद्रप्रभाताई, 'हो' कोण दाबणार?"

"साहेब, मुलगी चांगली होती."

"ते बिल्कुल ठीक आहे हो. पण कंत्राटी माणसावर विश्वास ठेवायची तरतूद कुठेय?"

प्रश्न दक्षता शाखेकडे गेला. तिथून उलट विचारणा आली : विश्वास कायमस्वरूपी ठेवायचा आहे की तात्पुरता? सध्या मसुदा चालू आहे.

बाहेरच्या बाकावर विश्वनाथकाका बसतात. आमच्याच कार्यालयाची गाडी चालवून निवृत्त झाले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कार्ड नाही म्हणून ऑपरेशन नाही. सरोजिनी नगरहून नातीचा हात धरून येतात.

"ताई, तुमच्या मशीनला दिसायला लागलं का? मला तर अजून नाही."

"अक्षरं रंगीत झालीत, काका."

"अच्छा! मग माझ्या वाटचे रंगही तुम्हीच बघून घ्या."

काल माझ्या तोंडून निघून गेलं, "उद्या तुमचं नाव जुळवते, काका." बोललेला शब्द मोडायचा नाही, हा माझा नेम. कार्यालयात अशी तरतूद नाही, त्यामुळे माझी थोडी गैरसोय झाली.

रात्रभर विचार केला. वाती वळण्यात पुण्य आहेच. पण वाती वळून दिवा न लावता उठलेली बाई मी अजून पाहिलेली नाही.

इथवर वाचताना ज्यांच्या मनात 'मग पार्श्वभूमी शेवटी काळी ठरली की पांढरी?' हा प्रश्न येऊन गेला, त्यांनी संकोच करू नये. उपसमितीत एक जागा रिकामी आहे, आणि आपण तिला अगदी योग्य आहात.

आज गुरुवार. माझा उपास असतो, त्यामुळे जेवणाची सुट्टी मला मोकळीच मिळते. सगळे डबे घेऊन खाली गेलेत. दाराच्या फटीतून बाकावरची काठी दिसते आहे. मी हात धुतले, पदर खोचला आणि लतिकाच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसले. काळी खिडकी उघडली.

तिने विश्वासाचं काही विचारलं नाही.