अप्पांची चोरटी नदी

आंघोळ करून मी पंचा झटकत बाहेर आलो, की अंगणात उकिडवे बसलेले अप्पा मान वर न करता म्हणायचे, "आज उगमाला जोर नाही. आणखी दोन तांबे घ्यायला काय हरकत होती?" सोलापूरचा उन्हाळा, पाण्यासाठी बायकांची भांडणं, आणि हा गृहस्थ मला जास्त पाणी वापरायला सांगत होता. पण माझी मोरी हाच त्यांच्या नदीचा उगम ठरला होता, त्याला माझा इलाज नव्हता.

ही गोष्ट तीस सालच्या आगेमागची. शुक्रवार पेठेत नरसय्या विणकराच्या घरात आम्ही तीन बिऱ्हाडं भाड्याने राहायचो. अप्पा जंगलखात्यात कारकुनी करून निवृत्त झालेले. त्यांच्या बायकोच्या, म्हणजे काकींच्या, सांध्यांना घाटातली ओल सोसेना, वैद्याने कोरड्या हवेत जायला सांगितलं, म्हणून ते इकडे आले. कोरडेपणात आमच्या गावाचा हात धरणारं कोणी नाही. काकी खिडकीपाशी अंथरुणाला खिळलेल्या असत, आम्हाला क्वचितच दिसत.

अप्पांनी आल्या आल्या खुरपं घेतलं आणि सांडपाण्याची सरळसोट नाली वाकडी करून टाकली. ती चोरटी नदी झाली.

खरी चोरटी घाटातल्या रानात वाहते. पठारावरच्या कारवीच्या जाळीत, एका जांभळीच्या मुळाशी तिचा झरा. तिथून ती हिरड्याच्या रानातून उतरते, मध्येच खडकात शिरून नाहीशी होते आणि बरीच खाली एका उंबराशेजारी पुन्हा वर येते. म्हणून चोरटी. पुढे एका वाडीला तिन्ही बाजूंनी वेढा घालते आणि कड्यावरून उडी मारून कोयनेला मिळते. सरकारी नकाशात तिचा पत्ता नव्हता. अप्पांचा सरकारवर तेवढाच एक राग होता. त्या दिवसांत लोक याहून मोठ्या कारणांनी सरकारवर रागावलेले होते, पण अप्पा आपल्या मुद्द्यापासून हलले नाहीत.

अंगणात हे सगळं जागच्या जागी होतं. खडकाच्या ठिकाणी त्यांनी कौलं पुरून पाणी खालून नेलं होतं. धुण्याचा दगड म्हणजे उंबर. वाडी म्हणजे त्यांचं स्वतःचं बिऱ्हाड. खिडकीखालून नदी छान वळसा घेऊन जायची. कोयना म्हणजे पेठेचं गटार. हे त्यांनी मला गंभीरपणे समजावलं, तेव्हा हसू दाबताना माझ्या नाकी नऊ आले.

कोणी नाली ओलांडताना काठ मोडला की ते ओरडायचे, "भूगोल पाळा जरा!" माढ्याकडच्या सखूबाई समोरच्या खोलीत राहायच्या. त्यांचं राखेचं पाणी म्हणजे गढूळ उपनदी, आणि ती उंबराच्या खालीच मिळाली पाहिजे असा अप्पांचा हट्ट. "माज्या भांड्याचं पानी कुटं जायचं ते तुमी ठरवनार व्हय?" असं त्या रोज विचारायच्या आणि रोज उंबराखालीच ओतायच्या.

खरी अडचण नरसय्याची होती. लग्नसराईची लुगडी विणायची तर आधी ताणा लावायला हवा. म्हणजे लांबच लांब सूत अंगणभर ताणून, खळ लावून वाळवायचं. खाली वळणं घेणारी नाली असल्यावर माणूस घसरायचा आणि सूत चिखलात. त्याने परोपरीने सांगून पाहिलं, पण पालथ्या घड्यावर पाणी. शेवटी एका सकाळी तो कुदळ घेऊन आला आणि अप्पांकडे जाताना मलाही बोलावलं. "तुमी शिकलेले. तुमचं ऐकतील की," म्हणाला.

अप्पा भांडतील अशी माझी खात्री होती. ते भांडले नाहीत, म्हणून मला जास्त काळजी वाटली. ते म्हणाले, उगम बुजव, उंबर काढ, सगळी सरळ कर. फक्त वाडीचा वेढा राहू दे. नेमका तिथूनच ताणा जायचा होता. नरसय्याने मान हलवली.

तेवढ्यात खिडकीतून काकींचा आवाज आला. "अहो पाहुणे, नदी उतरली का?"

आम्ही पाहुणा शोधू लागलो. अंगणात आम्हा तिघांशिवाय कोणी नव्हतं. अप्पा उठून खिडकीशी गेले. "नाही बाई, अजून चढतीच आहे."

"म्हणजे आज आमच्या घरची स्वारी येत नाही."

"एवढ्या पाण्यातून कशी येणार?"

"बरं," म्हणून काकी निवांत पडल्या.

अप्पा परत आले आणि हळू आवाजात बोलू लागले. लग्नानंतरच्या पहिल्या नागपंचमीला काकी माहेरी, त्या वेढ्यातल्या वाडीत गेल्या, आणि चोरटीला पाणी चढलं. न्यायला गेलेले अप्पा उरलेला अख्खा श्रावण अलीकडच्या काठावर अडकून राहिले. आता म्हातारपणी काकींचं मन तिथेच जाऊन थांबलं होतं. अप्पांना त्या ओळखत नव्हत्या. माहेरचा कोणी पाहुणा समजत होत्या.

"नाली कोरडी दिसली की दिवसभर रडते," अप्पा म्हणाले. "नवऱ्याने टाकलं म्हणते. पाणी दिसलं की तिला ठाऊक असतं, माणूस पलीकडे अडकलाय."

नरसय्याने कुदळ भिंतीला टेकवली, तेलुगूत स्वतःशीच काहीतरी पुटपुटला आणि म्हणाला, "ताणा गल्लीत लावतो मी." मग घरात जाऊन त्याने पिण्याच्या पाण्याची भरलेली घागर आणली आणि माझ्या मोरीत पालथी केली. पाणी कौलांखालून गेलं, वर आलं, वळसा घेत खिडकीखाली पोचलं.

काकी उठून बसल्या. गजांतून वाकून बघत राहिल्या, मग त्यांची नजर अप्पांवर थांबली. "केवढा पूर आलाय. आणि तुम्ही हो कसे आलात पलीकडून?"

"पोहत आलो," अप्पा म्हणाले.

"या वयात? इकडे या आधी. डोकं पुसा, बाधेल."

अप्पांनी गजांशी डोकं वाकवलं. काकी पदराने त्यांचे कोरडे केस बराच वेळ पुसत राहिल्या.