घंटागाडीचा ठेका

घरी येणाऱ्या थेरपिस्ट समिधाने मोबाइलवर संथ बासरी लावली आणि तिसऱ्या मिनिटाला काशीनाथराव घोरायला लागले. संगीतोपचाराचा हा चौथा दिवस. कंपवातामुळे चालता चालता त्यांचे पाय जमिनीला चिकटायचे. पंधरा दिवसांवर लेकीचं, सुरुचीचं लग्न आलेलं, आणि म्हाताऱ्याचा हट्ट एकच, "व्हीलचेअरवरून स्टेजवर जाणार नाही. चालत जाईन, नाहीतर जाणारच नाही!"

"काकू, ठेका कानात बसला की पुढचा ठोका कधी पडणार ते मेंदू आधीच ओळखतो," समिधा म्हणाली. "मग पाय त्या ठोक्यावर उचलला जातो. पण ठेका ओळखीचा हवा. काकांना काय आवडतं?"

"झोप," त्यांच्या पत्नी शैलाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात खाली घंटागाडीची धून वाजली. काशीनाथरावांनी डोळे उघडले, उठले, एका हातात हिरवी बादली, दुसऱ्या हातात निळी घेतली आणि टकाटक दारापर्यंत चालत गेले! निवृत्तीनंतर अकरा वर्षं कचरा टाकायचं काम त्यांच्याकडे होतं. गाडी चुकली की शैलाबाई काय बोलायच्या, ते मेंदू बरा विसरेल!

शैलाबाईंनी ती धून रेकॉर्ड केली. यांना जरा कमी ऐकू येतं म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता गणपतीतल्या मोठ्या स्पीकरवर लावली. काशीनाथरावांनी पॅसेजमध्ये सहा फेऱ्या मारल्या. खाली मात्र अख्खी सी विंग बादल्या घेऊन उतरली. कोणी गाऊनमध्ये, कोणी डुलकीतून उठून. गाडीचा पत्ता नाही. त्याच्या पुढच्या दिवशी शैलाबाईंनी वेळ बदलून पाहिली, लोक पुन्हा उतरले. तिसऱ्या दिवशी सकाळी खरी गाडी आली तेव्हा कोणी जागचं हललं नाही. कचरा जिन्यात साचला आणि सेक्रेटरी सुभाषभाई वर आले.

"शैलाबेन, ये क्या लगाया है? सच्ची गाडी आती है तो कोई उतरता नहीं!"

शैलाबाईंनी हात जोडले, धुनीवरच यांचे पाय चालतात ते सांगितलं आणि नवऱ्याच्या कानात इअरफोन घातले. पण निम्म्या विंगने बोलणं टाकलं ते टाकलंच.

लग्नाच्या दिवशी काशीनाथराव ऐटीत निघाले. स्टेज दहा पावलांवर आलं आणि इअरफोनचं चार्जिंग संपलं. पाय थिजले. वर सुरुचीचे डोळे भरून आले. शैलाबाईंना तर रडूच फुटायचं बाकी होतं.

"अहो, उचला ना पाय!"

"उचलतोय गं... उचलत नाहीये."

मग तिसऱ्या रांगेत कोणीतरी टाळी धरली. सुभाषभाई! "टॅण टॅण टटॅण..." त्यांनी घंटागाडीची धून भसाड्या आवाजात सुरू केली. मागोमाग अख्खी सी विंग उभी राहून गायला लागली. काशीनाथरावांचा उजवा पाय उचलला गेला, मग डावा. दोन्ही हातांत बादल्या असल्यासारखे ते सरळ स्टेजवर चढले आणि त्यांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला.

नवऱ्यामुलाची आईही भक्तिभावाने टाळ्या वाजवत होती. तिने हळूच विचारलं, "विहीणबाई, हे कुठलं हो मंगलाष्टक?"

"आमच्या भाईंदरचं," शैलाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "रोज सकाळी आठला असतं."