बुंदीची दुसरी मात्रा

सकाळी स्कूटरच्या ब्रेकला लाल चिठ्ठी दिसली की समजायचं, वरच्या मजल्यावरचे गांगुर्डेकाका फेरी मारून गेले. ओझरच्या विमान कारखान्यात त्यांनी आयुष्यभर सुटे भाग तपासले. निवृत्त झाले, पण चिठ्ठ्या संपल्या नाहीत. लिफ्ट, पाण्याची टाकी, माझ्या बायकोचे बेसनाचे लाडू, सगळं रिजेक्ट. कुणी हुज्जत घातली की म्हणणार, "सही दाखवा. तोंडी चालत नाय."

हिरवी चिठ्ठी एकाच पट्ट्याला, बुंदीच्या. बुंदी ही त्यांची गावठी कुत्री. पावसाळ्याआधी त्यांनी तिला लेप्टोची लस सुरू केली. हा आजार उंदरांच्या मुतातून पसरतो आणि आमच्या पार्किंगमधले उंदीर आमच्याही आधीचे रहिवासी. "एकवीस दिवसांनी दुसरी मात्रा. पहिली एकटी म्हंजे एका पंखाचं विमान," असं बजावून, ते काम माझ्यावर सोपवून काका वणीला लग्नाला गेले.

त्या दुपारी मी जरा आडवा झालो. उठलो तेव्हा दवाखाना बंद.

"दिली?" आल्या आल्या काकांनी विचारलं.

"दिली." पन्नाशी गाठलेला माणूस इतक्या सहज खोटं बोलतो, याचं मलाच नवल वाटलं.

मी रोज संध्याकाळी त्यांच्याकडे चहाला जातो. उद्या सांगू, उद्या सांगू करत पंधरा चहा कसेबसे घशाखाली उतरवले. मग एकदा बुंदी माझ्यादेखत पार्किंगमधलं साचलेलं पाणी लपालपा प्यायली. आठवड्याभरात उलट्या सुरू, खाणं बंद.

दवाखान्यात काकांनी खिशातून एकही चिठ्ठी काढली नाही. एरवी टेबलाच्या हलत्या पायालाही चिठ्ठी लागली असती.

"लेप्टोच्या दोन्ही मात्रा झाल्यात?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"काका," मी म्हणालो, "दुसरी मी दिलीच नाही."

काकांनी माझ्याकडे न बघता लसीची पुस्तिका उघडली. दुसऱ्या चौकटीत बाटलीचं लेबल चिकटवलेलं, शेजारी सही. तारीख ते वणीहून परतले त्याच्या दुसऱ्या दिवसाची.

"मग धोका कमी. तरी रक्त तपासू," बाई म्हणाल्या.

तासाभराने त्या बाहेर आल्या. मूत्रपिंडं ठीक, यकृत ठीक. पोटात काहीतरी जड गेलं होतं.

"लाडू," काका म्हणाले. "मी रिजेक्टच केले होते."

पायऱ्या उतरताना मी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"पुस्तिकेत लेबल नव्हतं ना."

"मग मला बोलला का नाहीत?"

काकांनी बुंदीचा कान चोळला.

"तुम्ही खजील झाले असते," ते म्हणाले. "मग चहाला आले नसते."