राखणदाराची राखण

साळवे साहेब कुणालाही नमस्कार करत नसत. समोर माणूस आला की विचारायचे, "आहेस का?" आता धडधडीत समोर उभा असलेला माणूस काय सांगणार? "आहे साहेब." "ठीक," म्हणून ते पुढे. पहिल्याच दिवशी मी घाबरून म्हणालो, "आहे साहेब, पण माझं काही चुकलं का?" ते थांबले. "जादा उत्तर देऊ नये. आहे, एवढं पुरे."

श्रीरामपूरजवळच्या त्या दूध शीतकरण केंद्रात मी कॅन धुवायचो, फरशी पुसायचो. आठवीत शाळा सुटलेली. बायको-मुलं पार सावंतवाडीच्या खाली, गावाला. नोकरी जाईल या धास्तीने मी धुतलेला कॅनही पुन्हा धुवायचो. साळवे साहेब केंद्राचे कॉम्प्युटरवाले.

कॉम्प्युटर चार होते. एक वजनाचा, एक फॅटचा, एक बिलांचा. चौथा साहेबांनी मोडक्या भागांतून स्वतः जोडलेला. त्याचं नाव राखणदार. दर मिनिटाला तो बाकीच्या तिघांना तारेतून विचारायचा, आहेस का? तीनदा विचारूनही उत्तर आलं नाही की दारावर लावतात ती चिमणीची बेल वाजवायचा. दुधाच्या टाक्यांवरही त्याचीच नजर. दूध तापायला लागलं की चिमणी थांबायचीच नाही.

"साळव्यानं चिमनी पाळलीय राव," काट्यावरचे बबनराव म्हणायचे. "दानं टाकावं लागत न्हाई, पन वरडती लई!"

एकदा पुण्याची कंपनी असली राखण विकायला आली. साहेबांनी त्यांना चहा पाजून वाटेला लावलं. "आपल्या घरचा पहारा आपल्याच घरात बरा." त्यांचा सगळा कारभार लिनक्स नावाच्या फुकटच्या प्रणालीवर. तिची सीडी एका मासिकाबरोबर आलेली. कुठकुठल्या माणसांनी लिहून ती सगळ्यांसाठी उघडी ठेवलेली: बघा, बदला, पुढे द्या. साहेब त्यात आपली भर घालून आसपासच्या डेअऱ्यांना फ्लॉप्या वाटत फिरायचे. डब्याच्या वरच्या पुडात फ्लॉपी, खालच्या पुडात भाकरी. "दूध झाकावं, विद्या उघडी ठेवावी," असं त्यांचं म्हणणं.

आणि त्यांचं ते रजिस्टर! रकाने चार: काय थांबलं, कधी कळलं, कसं चालू झालं, पुन्हा होऊ नये म्हणून काय. मॅनेजरांनी एकदा लाल शाईने पाचवा रकाना आखला, 'कुणामुळे'. साहेबांनी त्यावर कागद चिकटवला. "नाव लिहिलं की माणूस लपतो. माणूस लपला की कारणही लपतं."

मग खंडेनवमी आली. हत्यारांची पूजा करायची, त्यांना त्या दिवशी विश्रांती द्यायची. पण दुधाला कुठली सुट्टी? काटे चालू, कॉम्प्रेसर चालू. मला वाटलं, निदान हा बिचारा राखणदार तरी! वर्षभर डोळा मिटत नाही. साहेब घोडेगावला फ्लॉपी द्यायला गेलेले. मी त्याला पुसलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूची माळ घातली आणि भक्तिभावाने बटण बंद केलं.

दुपारी कॉम्प्रेसर बंद पडला. चिमणी गप्प. सगळे खूश, आज कसं शांत वाटतंय!

चारला साहेब आले. माळ बघितली. "हे कुणी केलं?" विचारायच्या आतच मी रडत म्हणालो, "मी साहेब. विश्रांती म्हणून बंद केलाय त्याला." त्यांनी आधी बटण दाबलं. चिमणी जी कोकलली! एक टाकी नासली होती. साहेबांनी कॉम्प्रेसर चालू केला, दुसरी वाचली.

मॅनेजर धावत आले. "ह्याला आजच घरी पाठिवतो! लिवा नाव रजिस्टरात."

"रकाना नाही," साहेब म्हणाले.

"मंग आखा!"

"पट्टी घरी राहिली."

गावाला काय तोंड दाखवू, एवढंच माझ्या डोक्यात. साहेब म्हणाले, "याने लगेच सांगितलं म्हणून दुसरी टाकी वाचली. याला काढा, पुढच्या वेळी कुणी सांगणार नाही. मग दोन्ही नासतील. राखणदार झोपला तर कळणार कसं, हे ठरवायचं राहिलं होतं माझं."

मॅनेजरांनी रजिस्टर मिटून ठेवलं. मग म्हणाले, "त्या चिमनीचा आवाज तरी कमी करा," आणि गेले.

चौथ्या रकान्यात साहेबांनी लिहिलं: राखणदाराला रोज सकाळी सातला माणसाने विचारावं, आहेस का. पुढे माझं नाव. नाव आलंच शेवटी रजिस्टरात, पण असं.

दिवाळीच्या पहिल्या दिवशीही मी सातला गेलो. मला गावाला जायला जमलं नव्हतं, साहेबांना तर जायला गावच नव्हतं. ऑफिसला सुट्टी, तरी ते अभ्यंगस्नान करून, इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसलेले. टेबलावर चिवड्याच्या दोन बशा.

मी राखणदाराला विचारलं. पडद्यावर सगळं ठीक. वळलो तर साहेब माझ्याकडेच बघत होते. कसं कोण जाणे, तोंडातून निघून गेलं, "साहेब, तुम्ही आहात का?"

त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"आहे," म्हणाले. "आहे की. पहाटे पाचपासून आहे. म्हटलं, सुट्टीचा तू येतोस की नाही. बस. चिवडा जरा तिखट झालाय, मीच केलाय, पहिल्यांदाच..."

जादा उत्तर देऊ नये, याची मी त्यांना आठवण करून दिली नाही. बशी ओढली आणि बसलो.