कुंदाताईंच्या मागचा डबा

कुंदाताईंचा कांडपाचा डबा जीपला न जोडताच मागोमाग येतो, हे दसऱ्याच्या दिवशी उघडकीला आलं.

डबा म्हणजे दोन चाकांवरची पत्र्याची खोली. आत मिरची कांडायचं यंत्र, भाजणी दळायची लहान गिरणी आणि बाजूला गिऱ्हाइकाशी बोलायला एक खिडकी. दिनकरराव जीप चालवायचे, कुंदाताई शेजारी बसायच्या आणि डबा मागून आठवडी बाजारांना यायचा. जीप आणि डबा यांना धरून ठेवायला एक लोखंडी पिन होती, अंगठ्याएवढी जाड आणि वीतभर लांब. खंडेनवमीला दिनकररावांनी ती घासूनपुसून कोयता, पाने आणि पहार यांच्या शेजारी पाटावर मांडली आणि तिला हळदकुंकू वाहिलं. पूजेतली वस्तू दुसऱ्या दिवशी सोनं वाटून होईपर्यंत उचलायची नाही, असा त्यांच्या घरचा रिवाज होता. तो त्यांनी पाळला. दसऱ्याला सकाळी दोघं घाट चढून वरच्या बाजाराला गेले, जीप थांबवली, आणि दिनकरराव पिन काढायला मागे वाकले ते वाकलेलेच राहिले.

"काय झालं?" कुंदाताईंनी विचारलं.

"पिन नाही."

"वाटेत पडली?"

"पडायला लावली कुठे होती? घरी पाटावर आहे."

दोघांनी जीप आणि डबा यांच्यामधल्या मोकळ्या जागेकडे बघितलं. जागा हातभर होती. एक कोंबडी त्यातून इकडून तिकडे गेली.

"बावीस किलोमीटर," दिनकरराव म्हणाले. "चौदा वळणं."

"मग परत जाताना काय करायचं?"

"आता जसं आलो तसं जायचं," दिनकरराव म्हणाले, कारण त्यांना दुसरं काही सुचत नव्हतं.

तसे ते परत आले. दुसऱ्या दिवसापासून डबा घरी स्वयंपाकघराच्या भिंतीला टेकलेला सापडू लागला. दिनकरराव तो सकाळी ढकलून शेडमध्ये लावत आणि जेवणाच्या वेळेला तो पुन्हा भिंतीशी असे. अंगणाला उतार आहे, असं दिनकररावांचं म्हणणं. कुंदाताईंना उतार दुसऱ्या बाजूला दिसत होता. पण त्यांचं लक्ष कराडकडे होतं. त्यांची मुलगी सारिका तिथे होती आणि तिचे दिवस भरत आले होते. पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं, पण डॉक्टरांनी तिला घाटाचा प्रवास करू नका म्हणून सांगितलं, तेव्हा आईनेच तिकडे जायचं ठरलं होतं. लाडूंचा डिंक आणि आळीव, जुन्या मऊ लुगड्यांची दुपटी, सगळं एका पिशवीत भरून तयार होतं.

दिवाळीच्या आठ दिवस आधी घाटाच्या नाक्यावर हवालदाराने जीप अडवली. तो डब्याच्या पुढे वाकला, मागे वाकला, मग मधल्या मोकळ्या जागेत जाऊन उभा राहिला आणि त्याने दोन्ही हात फिरवून बघितले.

"दोरी आहे का?" त्याने विचारलं.

"नाही."

"तार?"

"नाही हो."

"मग हा माझ्या अखत्यारीत बसत नाही," हवालदार म्हणाला आणि त्याने त्यांना परिवहन कार्यालयाची चिठ्ठी दिली. डब्याचा निकाल लागेपर्यंत डबा घाटात आणायचा नाही, असंही चिठ्ठीवर लिहिलं.

परिवहन कार्यालयात पिसाळ नावाचे निरीक्षक होते. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली आणि सरळ मैदानात आले. हसतील, असं कुंदाताईंना वाटलं होतं. ते हसले नाहीत.

"पिन आणलीय?"

दिनकररावांनी पिशवीतून पिन काढून दिली. तिच्यावरचं कुंकू अजून गेलं नव्हतं. पिसाळांनी स्वतः ती घातली, साखळ्या आडव्या अडकवल्या आणि म्हणाले, "बाई, तुम्ही खाली उतरा. जीप पुढे घ्या, दिनकरराव."

जीपची मागची चाकं जागच्या जागी फिरली, रबराचा वास आला. डबा तसूभर हलला नाही.

"पुरे," पिसाळ म्हणाले. "पिन काढा. आता घ्या पुढे."

जीप एकटीच मैदानाच्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. मग पिसाळांनी दिनकररावांना नुसतं चालायला लावलं. दिनकरराव गेट गाठून आले, डबा उभाच. एवढ्या वेळात उन्हात उभं राहून कुंदाताईंना तहान लागली होती. माठ व्हरांड्याच्या कडेला होता. त्या तिकडे निघाल्या.

मागे चाकांचा बारीक आवाज झाला. त्या थांबल्या तसा डबा त्यांच्या पिशवीला येऊन लागला आणि पिशवी हातातून पडली.

"हं," पिसाळ म्हणाले आणि त्यांनी खिशातून पेन काढलं. "जीपचा यात संबंध नाही. जीपमध्ये तुम्ही बसायचात, एवढंच."

"म्हणजे दसऱ्याला घाटात?" दिनकररावांनी विचारलं.

"बाईंनी आणला."

दिनकरराव जीपच्या बॉनेटला टेकून राहिले. "आणि मी सतरा वर्षं डिझेल घालतोय," ते म्हणाले.

कुंदाताईंचा गोंधळ उडाला होता. आपण काही केलंय असं त्यांना आठवत नव्हतं, आणि केलं असेल तर ते कसं थांबवायचं हेही कळत नव्हतं. "साहेब, मला गुरुवारी कराडला जायचंय," त्या म्हणाल्या. "मुलीचे दिवस भरलेत. मी एसटीने जाते, डबा इथेच राहू दे. मैदानात कुठेतरी बांधून ठेवा."

पिसाळांनी शिपायाला साखळदंड आणायला सांगितलं. डबा चिंचेच्या झाडाला बांधला. कुंदाताई गेटकडे चालत गेल्या. त्या गेटपाशी पोचल्या तेव्हा चिंच वाकली होती आणि वरून कच्चे आकडे पडत होते.

"परत या," पिसाळांनी हाक मारली. "हळू या."

ते त्यांना आपल्या टेबलाशी घेऊन गेले. खिडकी उघडीच ठेवली, कारण डबा खिडकीपाशी आला होता. "बाई, गेल्या साली याच घाटात एका ट्रॅक्टरची मागची ट्रॉली सुटली," ते म्हणाले. "मागे दुचाकीवर नवराबायको होते. उचलायला मी होतो. त्यामुळे मागून येणाऱ्या कुठल्याही वस्तूची मला गंमत वाटत नाही. तुमचा डबा येणारच असेल, तर तो नियमाने आला पाहिजे. परवाना देतो, पण अटी ओढणाऱ्या वाहनाच्या. मी नव्या काढलेल्या नाहीत."

"वाहन कोण?"

"तुम्ही."

त्यांनी फॉर्म भरायला घेतला. ओढणाऱ्या वाहनाचं नाव, सौ. कुंदा दिनकर शेवाळे. बनावटीचं वर्ष विचारलं, तेव्हा कुंदाताईंनी शाळेच्या दाखल्यावरचं सांगितलं. रंग या रकान्याशी पिसाळ थोडे थांबले आणि त्यांनी 'गव्हाळ' लिहिलं. मग त्यांनी कुंदाताईंना चपला काढून उलट्या धरायला सांगितल्या.

"डाव्या बाजूचा तळ झिजलाय. अशा चपलेवर घाट देता येणार नाही. नवीन घाला, दाखवा, मग सही."

"आज सोमवार आहे साहेब."

"दुकान समोरच आहे."

दिनकरराव चपला आणायला गेले. तोपर्यंत पिसाळांनी अटी समजावून सांगितल्या. पाठीवर लाल रिफ्लेक्टर लावायचा. वळायच्या आधी हात दाखवायचा आणि वळण मोठं घ्यायचं, कारण मागचं चाक नेहमी आत कापतं. एकदम थांबायचं नाही. थांबायचं ठरलं की आधी तीन पावलं मंद करायची, म्हणजे मागच्याला समजतं. डब्यातलं यंत्र मागच्या टोकाला बसवलंय, ते पुढे चाकांवर आणायचं, नाहीतर उताराला शेपूट डुलायला लागतं आणि एकदा डुलायला लागलं की ओढणाऱ्याच्या हातात काही राहत नाही.

"आणि पळायचं नाही," ते शेवटी म्हणाले. "काही झालं तरी."

"घाईचं असलं तर?"

"घाईचं असतं तेव्हाच होतात हो सगळे अपघात. सावकाश जाणारा माणूस माझ्या रजिस्टरला अजून आलेला नाही."

दिनकरराव चपला घेऊन आले. त्या अर्धा नंबर मोठ्या होत्या. पिसाळांनी अंगठा दाबून बघितला आणि सही केली.

गुरुवारी सकाळी हेमंतचा, म्हणजे जावयाचा, फोन आला. सारिकाला कळा सुरू झाल्या होत्या, दवाखान्यात नेत होते. कुंदाताई पाठीवर रिफ्लेक्टर लावून स्टँडवर गेल्या. दिनकरराव पिशवी घेऊन बरोबर आले, पण पुढे आले नाहीत. घरी म्हैस होती. "पोचलीस की कळव," ते म्हणाले. मग डब्याकडे बघून म्हणाले, "नीट जा."

एसटीच्या कंडक्टरबाईंनी परवाना वरपासून खालपर्यंत वाचला. "मावशी, तुम्हाला शेवटच्या सीटवर बसावं लागेल. तुम्ही पुढे बसलात तर डबा माझ्या गाडीत शिरायला बघेल."

"बसते की."

"आणि सामान वर ठेवू नका, घाटात पडतं. डब्यात ठेवा ना, एवढी जागा आहे."

कुंदाताईंनी पिशवी डब्यात ठेवली. घाटात त्या पूर्ण वेळ मागच्या काचेकडे तोंड करून बसल्या. प्रत्येक वळणाच्या आधी त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला. शेजारच्या गृहस्थाने कुणाला बोलावताय म्हणून विचारलं, तेव्हा त्यांनी पाठीवरचा रिफ्लेक्टर दाखवला. अकराव्या वळणावर एका टेम्पोने मध्ये घुसायला बघितलं. पण डब्याने अंतर वाढवलं, टेम्पोला जागा दिली आणि तो गेल्यावर पुन्हा एसटीच्या मागे लागला. असं करायला त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

दवाखान्याच्या फाटकाशी हेमंत उभाच होता. त्याच्या शर्टाची बटणं वरखाली लागली होती.

"आई, चला पटकन. आत घ्यायला लागलेत तिला. सारखी तुमचं नाव घेतेय."

"चला," कुंदाताई म्हणाल्या आणि चालू लागल्या.

हेमंत चार पावलं पुढे गेला, वळला, परत आला. "आई, जरा लवकर."

"येतेय हो. तुम्ही व्हा पुढे."

बाळंतिणींचा विभाग तळमजल्यावरच होता, पण व्हरांडा लांब होता. डावीकडे खोल्या, उजवीकडे खिडक्या, आणि खिडक्यांपलीकडे भिंतीच्या कडेने डबा त्यांच्या बरोबरीने येत होता, एका खिडकीत मावळायचा आणि पुढच्या खिडकीत उगवायचा. पलीकडच्या कोपऱ्यावर एक ॲम्ब्युलन्स उभी होती. तिचं मागचं दार उघडं होतं आणि दोन माणसं एका म्हाताऱ्याला स्ट्रेचरवरून उतरवत होती. कुंदाताईंना ती खिडकीतून स्वच्छ दिसली.

तेवढ्यात सारिकाचा आवाज आला. व्हरांड्याच्या वळणापलीकडून, मोठ्याने.

"आई गं! कुठंय आई?"

कुंदाताईंच्या पायांना पळायचं होतं. पाय आपोआप उचललेही गेले, नव्या चपलेची टाच सुटून फट्‌ वाजली. बाहेर डब्याने वेग घेतला आणि त्याचं मागचं टोक एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डुललं. ॲम्ब्युलन्सशी उभ्या असलेल्या दोघांनी आवाजाच्या दिशेने माना वळवल्या. म्हातारा त्यांच्या हातात मधेच होता.

"आई!"

कुंदाताईंनी पावलं मंद केली. एक. दोन. तीन. छातीत धडधडत होतं, ते मंद होईना, पण पाय झाले. बाहेरचं शेपूट सरळ झालं. त्यांनी डावा हात आडवा धरला, व्हरांड्याच्या अगदी उजव्या भिंतीपर्यंत सरकून मोठं वळण घेतलं. हेमंत कपाळाला हात लावून बघत राहिला. खिडकीबाहेर डबा ॲम्ब्युलन्सच्या पलीकडून, माणसांपासून चांगला लांब वळसा घालून आला. म्हाताऱ्याला आत नेलं.

"आले गं," कुंदाताई तिथूनच म्हणाल्या. "दिसतेय का मी? आले बघ."

सारिका स्ट्रेचरवर होती, तोंड लाल, केस कपाळाला चिकटलेले. "पळत येता येत नाही तुला?" ती रडत म्हणाली. "सगळ्यांच्या आया पळत येतात."

"येतात गं."

"मग?"

"माझ्या मागे आहे ना," कुंदाताई म्हणाल्या आणि शेवटची तीन पावलं मंद चालून तिच्या उशाशी थांबल्या. बाहेर भिंतीला काही लागल्याचा आवाज आला नाही.

सिस्टरने त्यांच्या पाठीवरचा रिफ्लेक्टर बघितला आणि खिडकीतलं पत्र्याचं टोक बघितलं. "आत पेशंटजवळ एकच माणूस," ती म्हणाली. "ते तुमच्याबरोबर आहे?"

"हो."

"आत येणार नाही ना?"

"नाही. मी इथे उभी आहे तोवर तिथेच उभं राहील."

"मग चालेल," सिस्टर म्हणाली आणि तिने पडदा सारला.

सारिकाला कळ आली. तिने आईचा हात दोन्ही हातांनी धरून सगळा जीव लावून आपल्याकडे ओढला. कुंदाताईंनी दोन्ही चपला फरशीत रोवल्या आणि त्या जागच्या हलल्या नाहीत.